अडीच बोटं जागा

गाडीत मी एकटा असलो की ती कधीच घासायची नाही. जुळे सोलापुरातून सात रस्त्याजवळच्या ऑफिसात आणि संध्याकाळी परत, सहा महिने हाच रस्ता. घासायची ती घरची माणसं बसल्यावर. म्हणून तर कळायला इतका वेळ लागला, आणि कळलं तेही अप्पांमुळे.

जानेवारीतली गोष्ट. गड्डा भरला होता. सोलापूरच्या माणसाला गड्डा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की संक्रांतीला सिद्धेश्वर महाराजांची यात्रा असते, सात नंदीध्वज निघतात आणि होम मैदानावर जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. बायको पुढे, आई, अप्पा आणि मुलगी मागे. एका गतिरोधकावरून गाडी उतरली आणि मागून ‘खर्र’ झालं, जाडं सुती कापड फाडावं तसं. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. आई म्हणाली, ‘‘खाली काही अडकलं का रे?’’ अप्पा डोळे मिटून बसले होते. तिसऱ्यांदा आवाज झाल्यावर म्हणाले, ‘‘अडकलं नाही. घासायलंय. मागं, डाव्या अंगाला. गाडी बसती तेव्हा घासतंय, उठती तेव्हा नाही.’’

अप्पा तीस वर्षं पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर होते. माग अडला, आडवा धागा घेऊन धावणारा धोटा पेटीत नीट बसेना, कापडात दोष यायला लागला, की जॉबरला हाक मारतात. शेडमध्ये वीस-बावीस माग एकदम खटखटत असतात, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. त्या गोंगाटात कुठल्या मागाचा ठोका बदललाय हे अप्पा दारातूनच सांगायचे. आता त्यांना साधं बोललेलं कमी ऐकू येतं. पण यंत्राचा आवाज अजून त्यांच्या कानातून सुटत नाही.

घरी आल्यावर मी मोबाइलचा टॉर्च लावून मागच्या डाव्या चाकापाशी बसलो. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोटभर रुंदीचा पट्टा गोल फिरला होता, गुळगुळीत आणि चमकणारा. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते तेवढ्या पट्ट्यात नाहीसे झाले होते. मडगार्डची आतली कड हाताला लागली. तिथला रंग गेला होता, पत्रा उघडा पडला होता आणि त्या पत्र्याला धार आली होती. बोट फिरवलं तर खोडरबराच्या चुऱ्यासारखा काळा भुगा निघाला. त्या एका स्पर्शानं मी पुरता घाबरलो. ही कड दर गतिरोधकाला टायर तासत होती, आणि त्याच्या बरोबर वरच्या सीटवर माझे वडील बसत होते.

गाडी खाली केली ती मीच, मनापासूनच्या हौसेनं. कॉलेजात असताना होटगी रोडवर एक खाली बसवलेली गाडी जायची. चाक आणि मडगार्ड यांच्यात जागा जवळजवळ नसायचीच. जमिनीला धरून चालणारं काही जनावर जावं तशी ती जायची. कंपनीतून आलेली गाडी माझ्या डोळ्याला कायम पायजमा वर खोचल्यासारखी दिसते. चाकाच्या डोक्यावर आणि मडगार्डच्या कमानीखाली हात घातला की चार बोटं आरामात मावतात. ती चार बोटं कमी झाली की त्याच गाडीची अख्खी बैठक बदलते, वळणावर ती कमी झुकते, स्टिअरिंगचं हातात लगेच उत्तर येतं. मला हे आजही आवडतं.

तेव्हा दहा वर्षं जुनी हॅचबॅक घेतल्यावर पहिली हौस तीच केली. चाळीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या. मूळचे १५ इंची, साडेपाच इंच रुंद रिम काढून १६ इंची, सात इंच रुंद अलॉय बसवले. त्यावर २०५/५५ आर १६ टायर, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद, १६ इंची रिमचा, कारण दुकानात त्या दिवशी तोच होता. चार बोटांच्या जागी दीड बोट राहिलं. मी फोटो काढले, मित्रांना पाठवले. फोटोत गाडी रिकामीच असते.

‘खर्र’ ऐकल्यावर मी आधी जिथं काम केलं होतं तिथंच गेलो. त्यांनी तीन उपाय सुचवले. एक, हवा चाळीसपर्यंत वाढव. दुसरा, मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यात रबराचे बफर बसव. तिसरा, आतल्या बाजूला स्पेसर टाकून बघ. यातला तिसरा तर सरळ उलटा होता. स्पेसर चाकाला बाहेर ढकलतो. टायर आत शॉकअपला घासत असेल तर त्याचा उपयोग. माझा बाहेरच घासत होता. हवा वाढवून टायर टणक होतो, त्याची रुंदी काही कमी होत नाही. बफरनं गाडी उचलली जाते खरी, पण ज्या वेढ्यात रबर अडकतं तो वेढा कामातून जातो, सगळं ओझं उरलेल्यांवर येतं आणि मागची सीट पाटासारखी कडक होते. ती सीट अप्पांची होती.

मग अक्कलकोट रोडच्या बाजूला चाचांचं गॅरेज आहे तिथं गेलो. चाचांचं वय साठीच्या पुढं. कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी ते पाच मिनिटं नुसते भोवती फिरतात. त्यांनी चाकाच्या कमानीत बोटं घातली, माझ्याकडं बघितलं आणि खिशातून चुन्याची डबी काढली. मला वाटलं तंबाखू मळतील. त्यांनी चुना बोटावर घेतला आणि मागच्या दोन्ही मडगार्डच्या आतल्या कडेला, पुढच्या चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या लायनरला, सगळीकडं बोटाबोटाच्या अंतरानं ठिपके लावले. घरात रांगोळीचे ठिपके काढतात तसे. मग गॅरेजातल्या तीन पोरांना मागं बसवलं, मला चालवायला सांगितलं आणि स्वतः पुढं बसले. कुंभारीच्या दिशेनं गेलो, परत आलो. येताना एका गल्लीतनं घेऊन गेले, कारण तिथले गतिरोधक लोकांनी आपापल्या दारापुढं आपल्या हातानं केलेले आहेत.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर आणि लांबी ३.७ मीटर दिलेली आहे, म्हणजे गाडीनं हळूच चढावं आणि हळूच उतरावं असा लांबट उंचवटा. आमच्या गल्ल्यांतले गतिरोधक तेवढेच उंच, पण घमेलं पालथं घातल्यासारखे. चाक वर जातं ते एका झटक्यात, आणि खाली आदळतं तेही तसंच.

गॅरेजात आल्यावर ठिपके बघितले. मागं डावीकडं कमानीच्या माथ्यावरचे पाच ठिपके पुसले गेले होते, उजवीकडचे दोन. पुढं लायनरला, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरचा खांदा जिथं येतो तिथले तीन. बाकी सगळे जागच्या जागी. सहा महिने मी आवाज शोधत फिरलो असतो तरी इतकं नेमकं कळलं नसतं. डावं-उजवं सारखं का नाही, हेही चाचांनी मोजून दाखवलं: मागचा आडवा बीम अगदी मध्यावर नव्हता, काही मिलिमीटर डावीकडं होता. असा थोडा फरक कंपनीतून आलेल्या गाडीतही असतो, रिकाम्या जागेत तो लपून जातो. (घरी अप्पांना बीमचं सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. मागावरही बीम असतो, ताणा गुंडाळलेला, आणि तो तिरका बसला की सगळं कापड एका बाजूला ओढलं जातं.)

इथवर कुठं घासतं ते कळलं. का घासतं, त्यासाठी चाचांनी दुसऱ्या दिवशी जे केलं ते मी आधी कुठंच पाहिलं नव्हतं. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर घेतली, मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून बाजूला ठेवल्या, शॉकअप मात्र जागेवर ठेवले. स्प्रिंग नसल्यावर चाक हलकं वर-खाली होतं. मग डाव्या चाकाखाली जॅक लावून ते इंचाइंचानं वर चढवायला लागले. म्हणजे पूर्ण भरलेली गाडी सगळ्यात मोठ्या खड्ड्यात आदळली तर चाक कुठवर जाईल, ते आम्ही शांतपणे, हातात टॉर्च घेऊन बघत होतो. टायरचा खांदा कडेपाशी आला, कडेला टेकला, जॅकचा दांडा आणखी दोनदा फिरला आणि रबर कडेखाली दबलं. चाचांनी हात थांबवला. ‘‘आता आतलं रबर बघ.’’

शॉकअपच्या दांड्यावर एक बंप रबर असतं. चाक याच्या वर जाऊ नये म्हणून कंपनीनं दिलेला तो शेवटचा अडसर. माझ्या गाडीत तो निम्मा कापलेला होता. स्प्रिंग बसवणाऱ्यानं गाडी सारखी रबरावर आदळू नये म्हणून कापला होता, मला न सांगता. त्यामुळं चाकाला जिथं थांबायचं होतं तिथं ते थांबतच नव्हतं.

मी म्हणालो, ‘‘म्हणजे स्प्रिंगा बदलल्यामुळंच झालं ना चाचा?’’

‘‘नाही बेटा. नीट बघ. रबर पुरं असतं तर चाक वर कुठवर जाणार ते गाडी उंच असो की खाली, ठरलेलं असतं. रिम तुझे बाहेर आलेत. कंपनीच्या स्प्रिंगवर पण हे रिम घासले असते, वर्षातनं चारदा. आता रोज घासायलेत, एवढाच फरक.’’

मी रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो. रिमच्या मागच्या बाजूला रुंदी आणि ऑफसेट कोरलेले असतात. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टनं बसतं त्या भागाला) टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. आकडा जितका मोठा तितकं चाक आत. जुना रिम साडेपाच इंच, ऑफसेट ४५. नवा सात इंच, ऑफसेट ३५. दीड इंच वाढला, म्हणजे ३८ मिलिमीटर. त्यातले निम्मे, १९, बाहेरच्या बाजूला. शिवाय ऑफसेट दहानं कमी, ते दहाही बाहेर. एकोणतीस मिलिमीटर. मी पट्टीवर एकोणतीसवर नख ठेवून बघितलं. जवळजवळ तीन सेंटिमीटर मी चाक मडगार्डच्या दिशेनं बाहेर ओढून ठेवलं होतं. त्यात टायर मूळच्या १८५ च्या जागी २०५ रुंद, आणि उंचीलाही जास्त: १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास, २०५/५५ आर १६ चा ६३२. म्हणजे वरच्या बाजूलाही पाच मिलिमीटर खाल्ले. रिम घेताना हा हिशेब कोणी केला नाही, मीही नाही. मी तर दिवसभर आकडेच बघतो.

दोन वाटा होत्या. एक, मडगार्डची आतली कड दुमडून सपाट करायची. हे काम चाचांकडं व्हायचं. लेथवर बनवून घेतलेलं एक हत्यार ते हबला बोल्टनं बसवतात, त्याच्या टोकाला रूळ असतो, हीट गननं रंग गरम करून रूळ पुढं-मागं फिरवत कड हळूहळू आत दाबतात. रंग गार असला की तडकतो, आणि तडकलेल्या रंगातून पाणी शिरून दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरतो. नीट केलं तर आठ-दहा मिलिमीटर मिळतात. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. सात इंची रिम मला फार आवडत होते.

घरी अप्पांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागदावरचे आकडेही चष्मा लावून बघितले. म्हणाले, ‘‘धोटा मोठा झाला म्हणून कुणी पेटी कापतंय का?’’

मग मी दुसरी वाट धरली, रिमच बदलायची. ते रिम विकले. घेतले त्याच्या निम्म्यात गेले, आणि ज्या दिवशी गेले त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. त्यांच्या जागी माझ्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी देते ते १६ इंची, सहा इंच रुंद, ऑफसेट ४५ चे रिम जुन्या बाजारातून शोधले. दिसायला साधे. पण बाहेर फक्त सहा मिलिमीटर. त्यावर १९५/५५ आर १६, व्यास पुन्हा ६२१. जुन्या टायरांपैकी मागचा डावा चाचांनी विकू दिला नाही. कडेनं जिथं तासला होता तिथं आडवा चिरून त्यांनी मला रबराची जाडी दाखवली; उरलेली जाडी जाड पुठ्ठ्याएवढी होती, आणि खाली धागे दिसत होते. मे महिन्यात इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. पुणे-हैदराबाद महामार्गावर दुपारी दोन वाजता, शंभरच्या वेगात, मागं आई-अप्पा. तो तुकडा मी टेबलाच्या खणात ठेवलाय.

चाळीसच्या स्प्रिंगा काढून पंचवीसच्या घातल्या, चारही बंप रबरं नवी, अख्खी. रबर अख्खं ठेवायचं तर चाकाला त्याच्या आधी खेळायला जागा हवी. चाळीसनं गाडी सारखी रबरावरच बसली असती. शेवटी अलाइनमेंट. आता चाकाच्या डोक्यावर अडीच बोटं मावतात.

एक गोष्ट इथं लपवत नाही. रिम आणि टायर आता कंपनीनं दिलेल्या मापात आहेत, स्प्रिंगा नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर मर्यादा आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही निर्मात्याच्या मूळ मापापासून दूर जाणारे फेरफार चालणार नाहीत असं सांगितलंय. हे मला माहीत आहे. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा माळ्यावर जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवल्यात. माळ्यावर नजर गेली की पोटात थोडं हलतंच. त्या कधी ना कधी खाली येतील असं वाटतं.

परीक्षा घ्यायची होती ती रिकाम्या गाडीत घेण्यात अर्थ नव्हता. मार्चमध्ये मंगळवेढ्याच्या आत्याचा फोन आला, ज्वारी निघालीय, घेऊन जा. मंगळवेढ्याची मालदांडी, आमच्या घरात वर्षाची भाकरी तिचीच होते. निघायच्या आधी मी दुकानातून चुन्याची डबी आणली आणि चाचांसारखे चारही कमानींत ठिपके लावले. मुलगी शेजारी उकिडवी बसून विचारत होती, गाडीला कशाला टिकली लावताय. जाताना पाचजण. बेगमपूरला भीमेच्या पुलावर आईनं नेहमीसारखे हात जोडले. येताना पाचजण, डिकीत पन्नास किलोची दोन पोती, वर आत्यानं दिलेल्या शेंगांची पिशवी. गाडी मागून बसली होती, इतकी की समोरच्या गाड्यांनी दोनदा लाइट मारून दाखवला. कामती ओलांडली, एका ठिकाणी काम चालू असल्यानं डांबर उकरलं होतं, त्यात मागचं चाक चांगलं खोल गेलं. मी श्वास धरला. ‘धप्’ झालं, रबरावर बसल्याचा मऊ आवाज. आरशात बघितलं. अप्पांचे डोळे मिटलेले होते, आणि मला कळेना ते झोपलेत की ऐकतायत.

घरी पोचेपर्यंत अंधार पडला. पोती उतरवायच्या आधीच अप्पांनी टॉर्च मागितला. गुडघा दुखतो म्हणून ते अलीकडं खाली बसत नाहीत, पण बसले, एक हात मडगार्डवर टेकून. मागं डावं बघितलं. सगळे ठिपके होते, वाळून पांढरेशुभ्र. उजवं बघितलं. होते. पुढं उजवं, होते. पुढच्या डाव्या लायनरपाशी ते जरा जास्त वेळ थांबले, मग मला बोलावलं. मागच्या बाजूला, स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर टायरची आतली बाजू जिथं येते तिथं, नखाएवढा एक ठिपका पुसला गेला होता. आत्याच्या बोळातून गाडी वळवताना झालं असणार.

‘‘प्लास्टिक फुगलंय तिथं,’’ अप्पा म्हणाले. ‘‘उद्या चाचाकडं ने. गरम करून आत दाबंल आणि एक क्लिप मारंल. आणि बाकीचा चुना धुऊन टाक आता, रंग खातो तो.’’

मी बादली आणायला गेलो. परत आलो तर ते अजून तिथंच बसले होते, चाक आणि मडगार्डच्या मधल्या जागेत बोटं घालून.